तांदळाच्या डब्यातलं घड्याळ

बाईंच्या घरातलं घड्याळ तांदळाच्या डब्यात असायचं. म्हणजे दिवसभर नाही. दुपारी चारला पहिलं मूल जिन्यावर वाजलं की बाई टेबलावरचं गजराचं घड्याळ उचलायच्या, जुन्या पंच्यात गुंडाळायच्या आणि तांदळाच्या डब्यात खुपसून झाकण लावायच्या. सहाला शेवटचं मूल गेलं की बाहेर काढायच्या. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घड्याळ समोर असलं की पोरगं अक्षराकडं बघंल का काट्याकडं?"

डब्याला कान लावला तर टिकटिक ऐकू यायची. एकदा चुकून गजर लावलेला राहिला आणि शिकवणं चालू असताना तांदळातून घणघण सुरू झाली. मुलं दचकली. बाई मागं वळूनही न बघता म्हणाल्या, "भात शिजला." त्या दिवशी कुणाचं काही वाचून झालं नाही, सगळे नुसते हसत राहिले. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

बाईंबद्दल लिहायचं म्हणून बसले, पण मला नीट जमेल की नाही माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. काही लिहायचं म्हटलं की आधी ते चुकणार असंच वाटतं. बाईंना हे माझं घाबरणं पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए कॉलेज, ती पाटी आण." "कॉलेज, तुझं तोंड का उतरलंय?" त्यांच्या तोंडी मी कॉलेजच राहिले.

त्या कोल्हापुरात चप्पल लाइनीच्या मागच्या बाजूला, एका चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. वय पन्नाशीच्या पुढचं. लग्न केलेलं नव्हतं. पूर्वी शिक्षकांना शिकवायच्या कॉलेजात नोकरीला होत्या, ती सोडली. मग मुंबईला जाऊन दोन वर्षं एका दवाखान्यात वाचता न येणाऱ्या मुलांबरोबर काम केलं आणि तिथलं शिकून परत आल्या. दारावर पाटी नव्हती. ज्या मुलांचं डोकं चांगलं, कान चांगले, डोळे चांगले, पण छापलेली ओळ समोर आली की गाडी अडते, अशी मुलं त्यांच्याकडे यायची. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात हे मला त्यांच्या एका जाड इंग्रजी पुस्तकातून कळलं. आईबापांपुढे मात्र त्या हा शब्द काढायच्या नाहीत. म्हणायच्या, "नाव कळलं की लोक औषध विचारत्यात."

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या धाकट्या बहिणीसाठी, शालनसाठी.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. शालन चौथीत दोनदा नापास झाली होती. हिशेब तोंडी विचारा, बरोबर सांगायची. गोष्ट ऐकली की शब्दन्‌शब्द परत सांगायची. पुस्तक उघडलं की मात्र गप्प. मास्तर म्हणाले, आळशी आहे. आबा म्हणाले, "मुद्दाम करती." आबा म्हणजे आमचे वडील. त्यांनी मारलंही, आणि मीही एकदा तिच्या पाठीत धपाटा घातला होता. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर आबांनी तिचं दप्तर खुंटीवरून काढून माळ्यावर टाकलं आणि म्हणाले, "एक शिकली तेवढं बास झालं. ही येऊ दे रानात भांगलायला."

मी आबांसमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी कसं कोण जाणे, बोलले. मी कसबा बावड्याला मावशीकडे राहून कॉलेज करत होते. म्हटलं, हिला माझ्याबरोबर पाठवा, एकदा बघते. आबांनी एकदा माळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "दिवाळीपतूर. दिवाळीच्या आधी मी येतो. माझ्यासमोर एक पान वाचून दाखवायचं. वाचलं तर पुढं शिकंल. न्हाईतर माझ्यासंगं गावाकडं."

कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी बाईंचा पत्ता दिला. देताना म्हणाले, "त्या जरा वेगळ्या आहेत. रागावू नका."

पहिल्या दिवशी बाईंनी शालनकडे बघितलंच नाही. मला टेबलापाशी बसवलं. समोर एक आरसा उभा केला. कागदावर एक मोठी चांदणी छापलेली होती, दुहेरी रेघांची. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पण हातावर पुठ्ठ्याची आड धरलेली, त्यामुळे कागद सरळ दिसायचा नाही, फक्त आरशात दिसायचा.

"काढ," बाई म्हणाल्या.

मी पेन्सिल वर न्यायला गेले, ती खाली गेली. डावीकडे वळवली, भलतीकडेच पळाली. कोपऱ्यावर तर हात जागच्या जागी थरथरायला लागला. आणि बाई माझ्या डोक्याशी उभ्या राहून मोठमोठ्यानं सुरू झाल्या, "अगं सोपं हाय की! शेंबडं पोरगं काढील! लक्ष कुठं हाय तुझं? कॉलेजला जातीस म्हणं! किती येळ? मुद्दाम करतीस व्हय?"

मला घाम फुटला. डोळ्यांत पाणी आलं. शालन कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. ती घाबरली नव्हती, एवढं आठवतं. ती अगदी लक्ष देऊन बघत होती.

बाईंनी आरसा बाजूला केला. आवाज एकदम खाली आला. "झालं. आता तू हिला 'मुद्दाम करतीस' असं जन्मात म्हणणार न्हाईस." मग शालनकडे वळल्या. "तुला काय येतं गं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई येणारी पोरगी मी अजून बघितली न्हाई. आठव."

शालननं बराच विचार केला. "वाकळ शिवता येती."

"मला येत न्हाई," बाई म्हणाल्या. "उद्यापासनं मला शिकीव."

पुढचे पंधरा दिवस शालननं एकही अक्षर वाचलं नाही. बाई आणि ती जमिनीवर जुनी लुगडी पसरून वाकळ, म्हणजे गोधडी, शिवत होत्या. बाईंच्या बोटांत सारखी सुई घुसायची. शालन त्यांना रागवायची, "बाई, टाका लांब पडतुया. उसवा." बाई निमूट उसवायच्या. मी मात्र कॅलेंडरकडे बघत होते. दिवाळी काही आमच्यासाठी पुढं सरकणार नव्हती. एक दिवस न राहवून विचारलं, "बाई, वाचायला कधी घेणार?"

"घाई असंल तर रंकाळ्याला एक चक्कर मारून ये," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. घाईत आलेल्या कित्येक बापांना त्यांनी असं खरोखरच रंकाळा तलावावर फिरायला पाठवलं होतं. काही जाऊन परत आले, काही आलेच नाहीत.

बाईंची अक्षरं चामड्याची होती. खालच्या दुकानातले कारागीर चपलेच्या तळाचं जाड कातडं कापून ती करून द्यायचे. कधी कधी ते खालूनच ओरडायचे, "बाई, तुमचा 'ळ' झाला! घिऊन जावा, न्हाईतर गिऱ्हाइकाच्या पायात जाईल!" ही अक्षरं मुलांनी डोळे मिटून बोटानं चाचपायची, मोठ्यानं उच्चार करायचा, मग तेच बोट तालमीतून आणलेल्या तांबड्या मातीच्या ताटात फिरवायचं. चुकलं तर बाई 'चूक' म्हणत नसत. म्हणायच्या, "परत एकदा बोटाला विचार." आणि मग थांबायच्या. त्यांच्यासारखं थांबता येणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. मूल पाच मिनिटं एका अक्षरावर अडलं तर पाच मिनिटं त्या तशाच बसून राहायच्या, चेहऱ्यावर कंटाळ्याची रेघ नाही. मला मात्र ते अक्षर ओठांवर यायचं आणि मी पुटपुटून जायचे. मग बाई माझ्या मांडीला चिमटा काढायच्या.

शालनला त्यांनी अक्षरं शिवायला लावली. तिच्या हाताला दोऱ्याची वाट कळायची. एकेक अक्षर ती कापडावर टाक्यांनी काढायची, मग बोट फिरवायची, मग म्हणायची. "हे क हाय. ह्याचा पोटातला टाका मी उलटा घातलाय, म्हणून मला ठावं हाय," असं काहीतरी ती बोलायची. मला त्यातलं फार कळत नसे. बाईंना कळत होतं.

बाईंकडे प्रत्येक मुलाची एक पातळ वही होती. त्यात त्या मुलाला काय येत नाही हे कधीच लिहीत नसत. फक्त येतं ते लिहायच्या. एका मुलाच्या वहीत होतं : "सायकलचं पंक्चर काढता येतं. आजीला हसवता येतं. 'म' ओळखतो." शाळेच्या हेडमास्तरांपुढे त्या हीच वही आपटायच्या. या मुलांची परीक्षा तोंडी घ्या, असा त्यांचा हट्ट असायचा. त्यांची काळी सायकल फाटकात दिसली की काही हेडमास्तर शिपायाला "साहेब नाहीत" सांगायला बसवायचे. अशाच एका शाळेत बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, पिशवीतून आरसा काढला आणि शिपायालाच चांदणी काढायला लावली. ते बघायला एक गुरुजी आले, दुसरे आले. अर्ध्या तासात पाच गुरुजी रांग लावून होते. शेवटी नसलेले साहेब आतून आले. त्यांच्या चांदणीचा बटाटा झाला. पुढच्या परीक्षेला त्या शाळेत तीन मुलांची परीक्षा तोंडी झाली.

बाईंचं सगळंच बरोबर असायचं असं मी म्हणणार नाही. तोंड फार तिखट होतं. एकदा एका आईनं त्यांच्यासमोर मुलाच्या मुस्काटात मारली. बाईंनी तिला हाताला धरून जिन्याखाली नेऊन सोडलं आणि रस्त्यावर नको ते बोलल्या. ती आई परत आली नाही. मुलगाही आला नाही. त्यानंतर दोन दिवस बाई जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हाकलली आईला. गेलं ते पोरगं. ह्याला काय शहाणपण म्हणायचं?" त्याची वही मात्र त्यांनी ढिगातून काढली नाही.

दिवाळी जवळ आली. शालन वाचायला लागली होती, पण एकेका शब्दाला धरून, चिखलातून पाय काढावा तशी. एका ओळीला चार-पाच मिनिटं लागायची. बाई खूश होत्या. म्हणायच्या, "तिचं ती वाचती. आता नुसतं वाढायचं हाय." पण आबा एक पान ऐकायला येणार होते. एवढा वेळ ते थांबणार नाहीत हे मला माहीत होतं. रानातल्या कामाला उशीर झाला तर ते ताटावरून उठून जायचे.

मग मी नको ते केलं. दोन संध्याकाळी मावशीच्या परसात बसून मी शालनला पुस्तकातलं एक पान वाचून दाखवलं, पुन्हा पुन्हा. तिची स्मरणशक्ती मी सांगितलीच. दुसऱ्या दिवशी तिला सगळं पान पाठ होतं. ओळींखालून बोट कसं न्यायचं तेही मी दाखवलं. शालन म्हणाली, "अक्का, हे वाचणं न्हवं." मी म्हटलं, "एकदाच. आबा ऐकून गेले की मग खरं वाच."

आबा आले ते धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पटका, हातात काकवीची बरणी. बाई म्हणाल्या, "या पावणं, बसा." चारचा सुमार होता, घड्याळ आधीच तांदळात गेलेलं. आबा भिंतीला टेकून बसले. "व्हय, दाखीव," एवढंच म्हणाले.

शालन वाचायला लागली. घडाघडा. बोट ओळीखालून चाललं होतं. आबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. मी त्यांना तसं फार थोड्या वेळा बघितलं आहे. पान संपलं तेव्हा त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हिचा मास्तरच खुळा म्हणायचा."

मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. शालनचं बोट तिसऱ्या ओळीखाली होतं तेव्हा तोंड पाचव्या ओळीवर गेलेलं त्यांनी बघितलं होतं. मला वाटलं, आता बोलतील, माझी अब्रू काढतील. पण त्या खूप वेळ थांबल्या, मुलापुढे थांबतात तशा. मग अगदी हळू म्हणाल्या, "कॉलेज. परत एकदा बोटाला विचार."

आबा खूश होते. शालनची शाळा वाचली होती. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. पण शालन मान खाली घालून बसली होती, गावाकडं पुस्तक उघडलं की बसायची तशीच.

"आबा," मी म्हटलं, "तिनं वाचलं नाही. तिला पाठ आहे. मी करून घेतलं. तिचा काही दोष नाही."

आबांनी पटका परत डोक्यावर घातला. "म्हंजे लेकींनी मलाच खुळा केला." उठले. "चल गं शालन. कपडे घे."

मी बाईंकडे बघितलं. वाटलं, आता त्या भडकणार. जिन्याखाली नेलेली ती आई मला आठवली. बाईंच्याही मनात तेच आलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. मग म्हणाल्या, "जावा. पर माझ्या घरातनं पावणा चांदणी काढल्याबिगर जात न्हाई."

"कसली चांदणी?"

"सोपी हाय. पेन्सिल फिरवायची."

आमच्या गावात आबांच्या सरीचा दाखला देतात. रानात नांगरानं दोरी लावल्यासारखी सरळ सरी सोडायचे ते. नव्या रानातली पहिली सरी आबांनी सोडावी म्हणून लोक बोलवायला यायचे. आबा आरशासमोर बसले, एवढ्याशा कागदाकडे बघून हसले आणि पेन्सिल धरली.

पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल रानोमाळ गेली. त्यांनी ती ओढून आणली, ती दुसरीकडे सुटली. मनगटाची शीर वर आली. आबांच्या कपाळावर घाम मी नांगराच्या मागे बघितला होता, पेन्सिलीच्या मागे पहिल्यांदाच बघत होते.

आता बाई ओरडणार, शेंबडं पोरगं काढील म्हणणार, याची मी वाट बघत होते. बाईंनी शालनला पुढं केलं. "आज तू बोल," म्हणाल्या. "आरशापाशी बसलेल्या माणसाला काय म्हणायचं ते तुला ठावं हाय."

शालनला ते शब्द सगळे पाठ होते. लक्ष कुठं हाय, किती येळ, मुद्दाम करतुयास. आयुष्यभर तिनं तेच ऐकले होते, आणि बरेचसे आबांच्याच तोंडून. ती आबांच्या शेजारी गुडघ्यावर बसली. थोडा वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"आबा, घाई नगं," ती म्हणाली. "पेन्सिल उचलू नगासा. कोपऱ्यावर वाईच थांबा. हात जातुया तिकडं जाऊ देऊ नगासा... थांबा. आता बोटाला इचारा."

आबा थांबले. श्वास सोडला. पेन्सिल अर्धं बोट सरकली, बरोबर सरकली.

"हां. असंच. परत कोपरा आला. थांबा."

पाच कोपऱ्यांची चांदणी होती. पाची कोपऱ्यांवर ती त्यांना थांबवत गेली. चांदणी वेडीवाकडी झाली, दोन ठिकाणी रेघेच्या बाहेर गेली, पण जिथून निघाली तिथं येऊन मिळाली. आबा कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिले. मग शालनकडे न बघता विचारलं, "तुला रोज असं हुतं?"

"व्हय."

"पुस्तक बघितलं की?"

"व्हय, आबा."

आबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. साखर कारखान्याचा एक छापील कागद काढला, तोडणीच्या सूचनांचा, घामानं मऊ झालेला. "हे पाठ हाय का तुला?"

शालननं मान हलवली. नाही.

"मग हे वाच."

शालन वाचायला लागली. 'सर्व' या पहिल्या शब्दालाच अडली. बोट मांडीवर फिरवलं, अदृश्य टाके घातल्यासारखं, आणि म्हणाली. पुढचा शब्द. त्याच्या पुढचा. मी ओठ दातांखाली धरून बसले होते. खाली दुकानात हातोडी चालू होती, ती थांबली तेव्हा डब्यातली टिकटिक ऐकू आली. दोन ओळी झाल्या. 'सर्व सभासदांनी ऊस तोडणीपूर्वी' आणि पुढचं काहीतरी. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं.

बाईंनी आबांना विचारलं, "पावणं, लई येळ लागला का?"

आबांनी भिंतीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. "घड्याळ कुठं हाय हितं," म्हणाले, "येळ कळाय?"

काकवीची बरणी ठेवून ते एकटेच गावी गेले. चांदणीचा कागद घडी करून त्यांनी पटक्यात खोचला होता. माझ्याशी मात्र स्टँडपर्यंत बोलले नाहीत. गाडीत चढताना म्हणाले, "थोरले, परत असं करू नगंस. मला तिचं ते वाचणं लई गोड लागलं हुतं."

बाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी "कॉलेज, ती पाटी आण" म्हणाल्या, आणि ते प्रकरण संपलं.

शालन मावशीकडेच राहिली, तिथल्या शाळेत गेली आणि बाईंकडे आणखी साडेतीन वर्षं जात होती. ती कधीच भराभर वाचणारी झाली नाही. सातवी पास झाली त्या दिवशी बाईंनी तिची वही तिला देऊन टाकली. म्हणाल्या, "ठेव. माझ्याकडं आता जागा न्हाई." जागा भरपूर होती.

शालननं घरी येईपर्यंत ती उघडली नाही. मावशीच्या उंबऱ्यावर बसली आणि पानं उलटत गेली. वाकळ शिवता येते. माझ्यासारखीला ती शिकवता येते. क, म, र ओळखते. मग दिवाळीच्या सुमाराचं पान आलं. तिथं बाईंच्या ठसठशीत अक्षरात दोनच ओळी होत्या. मला त्या लांबूनच दिसल्या. शालननं बोट ठेवलं.

"एक पान," ती वाचू लागली, "दोन दिव... दिवसांत पाठ करता येतं." हसली. मग दुसरी ओळ. "बा... बापा..."

ती अडली. पुढचा शब्द माझ्या ओठांवर आला होता. बोट परत मागं गेलं, परत पुढं आलं. रस्त्यानं उसाची गाडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत शालन त्याच शब्दावर होती.

"बापाला," ती म्हणाली, "शिकवता... येतं."

मी मध्ये बोलले नव्हते.